खडकावरचा दिवा

जून लागला की मुरबे गावाचा आवाज जातो. एरवी शेजारच्या पाम गावावरून मोटरसायकल घेऊन गावाच्या तोंडाशी आलं की आधी बोटींच्या इंजिनांची धडधड ऐकू येते, मग मासळीचा वास येतो आणि समुद्र सगळ्यात शेवटी दिसतो. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत ही धडधड थांबते. बोटी ताडपत्र्या पांघरून खाडीत गप्प बसतात, जाळी ओट्यावर येतात आणि पुरुष माणसं भर दुपारी घरात सापडतात. परवा गेलो तर तेच. रस्त्याकडेला कुणी बोटीच्या फळ्यांना रंग लावत होतं, कुणी सुईदोरा घेऊन जाळ्याची भोकं बुजवत होतं, आणि दामूतात्यांच्या ओट्यावरून ‘टिक टिक टुईं’ असा बारीक आवाज येत होता.

तो आवाज माझा आहे. म्हणजे मूळचा कुठल्यातरी परदेशी माणसाचा, पण तात्यांच्या हातातल्या यंत्रातून तो निघतो तो माझ्यामुळे. असलं श्रेय घ्यायला मला अजिबात लाज वाटत नाही.

तात्यांची लेक हर्षला दारातच भेटली. “काका, सोमवारी डोळ्यांची तपासणी हाय,” ती हळूच म्हणाली. “पालघरला. मला आतापासून झोप नाय.”

“आणि तात्यांना?”

“त्यांना काय! ते गेमात चौदाव्या बंदरात हायत.”

मी हसलो खरा, पण धास्ती मलाही होती. तीन वर्षांपूर्वीची बंदी आठवली की ती वाटतेच. त्या जून-जुलैत मी बोट चालवणाऱ्या एका धडधाकट तांडेलाला जवळजवळ आंधळा ठरवून बसलो होतो.

आधी माझ्या छंदाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यामुळे झालं. मी मूळचा साताऱ्याकडचा. सत्तावीस वर्षं तारापूरच्या एका रसायन कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. तापमान, दाब, टाकीतली पातळी दाखवणारी यंत्रं खरं बोलतात की खोटं, एवढंच बघणं माझं काम. छंद मात्र असा आहे की सांगितला की लोक आधी हसतात आणि मग काळजी करतात. जुन्या कॉम्प्युटरवरचे गेम मी अशा गेमयंत्रांवर बसवतो, जी बनवायचं कंपन्यांनी केव्हाच सोडून दिलंय. गेमही म्हातारा, यंत्रही मेलेलं, आणि दोघांचं लग्न लावायला मी भटजी. जगभर असे खुळे विखुरलेले आहेत. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण एकाचं अडलं की चार देशांतून उत्तरं येतात. माझी बायको सुनंदा म्हणते, “घरातला पंखा तीन महिने कुरकुरतोय, आणि यांना जपानच्या यंत्राची दया येते.”

याचा उपयोग काय, असं लोक विचारतात. कुणी पहाटे उठून डोंगर चढतो, कुणी शंभर रंगांची जास्वंद लावतो, त्यांना कुणी उपयोग विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, ‘याचं आता काही होत नाही,’ त्याच्याकडून काम करून घेण्यात एक मजा असते. कारखान्यात भंगारात काढलेला प्रेशर गेज मी घरी आणून चालू केलेला आहे. तो आता काहीच मोजत नाही, पण काटा शून्यावर येऊन बरोबर उभा राहतो. मला तेवढंही पुरतं.

ते हातात मावणारं गेमयंत्र मला बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे मिळालं. मोडक्या कॅलक्युलेटरांच्या गोणीत पडलं होतं. “चलेगा नहीं साहब, बच्चे लोग का पुराना खिलौना है,” तो म्हणाला. सेल गळून आतल्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढली होती. ती लिंबाने धुतली, खोडरबराने घासली, आणि आगपेटीहून जरासा मोठा पडदा शेवाळी उजेडात जागा झाला. रंग एकही नाही. फक्त चार छटा, शेवाळी पांढऱ्यापासून शेवाळी काळ्यापर्यंत. मी ते डब्यात घालून कारखान्यात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत हर्षलाला दाखवलं.

हर्षला आमच्या लॅबमध्ये आहे. नमुने तपासते. चित्रकला तिची अशी, की बाटल्यांच्या लेबलांवरचे आकडेसुद्धा देखणे येतात. या छंदात ती माझी भागीदार कशी झाली ते आता आठवतही नाही. आठ गुणिले आठ चौकोनांत झाड काढायचं, माणूस काढायचा, तोही ओळखू येईल असा, हे काम मला जन्मात जमलं नसतं. ती आलेख कागदावर पेन्सिलीने चौकोन भरायची आणि मी ते यंत्राला समजेल अशा आकड्यांत उतरवायचो.

त्या एप्रिलमध्ये मात्र ती कागदच उघडेना. शेवटी तिने सांगितलं. तात्यांना काचबिंदू निघाला होता. पालघरच्या डॉक्टरांकडे नजरेची तपासणी झाली, आणि कागदावर जवळजवळ सगळं काळं आलं. मध्ये नाण्याएवढा भाग उजेडाचा उरला होता.

दामूतात्या तेव्हा पासष्टीचे होते. चाळीस वर्षं बोटीचे तांडेल, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं आणि घरी कधी वळायचं हे ठरवणारे. तो कागद घरात आला आणि माणसाची वजाबाकी सुरू झाली. सुकाणू पुतण्याकडे गेलं. खाडीवर एकट्याने जायची बंदी झाली. चहाचा कप त्यांच्या हातात दिल्यावर देणारा तो लगेच सोडेना, धरूनच ठेवी.  मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ते अंगणाकडे पाठ करून बसले होते, आणि ते मला बरं वाटलं नाही.

बोलता बोलता होडीच्या गेमचा विषय निघाला. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एके काळी एक कॉम्प्युटर होता, आणि बंदीच्या दिवसांत तात्या तिथे जाऊन बसत. एक होडी, अधेमधे खडक, आणि खडक चुकवून बंदर गाठायचं. अशी अठरा बंदरं. तात्यांनी सतरा घेतली होती. अठराव्याच्या आधी कॉम्प्युटर बिघडला, नवा आला, आणि नव्यात गेम नव्हता. “अठराव्यात काय हाय कोण जाणे,” ते म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांनी स्वतःहून काढलेला तो पहिला विषय होता.

मी आणि हर्षलाने एकमेकांकडे पाहिलं. कॉम्प्युटरचा मोठा पडदा त्यांना दिसणार नव्हता, नजर मधल्या नाण्याएवढ्या भोकातूनच येत होती. पण हातभर लांब धरलेला आगपेटीएवढा पडदा त्या भोकात आख्खा मावला असता. मला तर ते गणित इतकं पटलं की मी सुनंदाचा पंखा आणखी दोन महिने पुढे ढकलला.

काय दिवस होते ते! गेम सोळा रंगांचा, यंत्र चार छटांचं. मूळ समुद्र इतका मोठा की त्याचा निम्मा भागही कॅसेटीत मावेना. (आमच्याकडे गेमच्या त्या चौकोनी डबीला सगळे कॅसेटच म्हणतात.) मग लाटा एकाच चौकोनाच्या केल्या आणि तोच उलटासुलटा फिरवला. हर्षलाने परदेशी शिडाची होडी काढून तिथे मुरब्याची आणली, पुढचं टोक उंच आणि मागे छोटी केबिन. कॅन्टीनमध्ये डाळभातावर आमची भांडणं व्हायची. “काका, केबिनला एक चौकोन द्या, नायतर ती होडी नाय, चप्पल दिसते.” मी कुठल्यातरी खडकाचा एक चौकोन कापून तिला द्यायचो. मेच्या उकाड्यात घामाने कागद चिकटायचे, आणि मी इतका खूश असायचो की शिफ्ट कधी संपली ते कळायचं नाही.

एका जागी मात्र अडलो. मूळ गेममध्ये बंदरावर हिरवा दिवा होता आणि धोक्याच्या खडकावर लाल. चार छटांत दोन्ही सारखेच राखाडी झाले. मी फार विचार केला नाही. माझ्या कारखान्यात अलार्मचं पॅनेल असतं. काही बिघडलं की तिथला दिवा उघडझाप करायला लागतो. ऑपरेटरने बटण दाबलं, म्हणजे ‘मला कळलंय’ म्हटलं, की तो स्थिर होतो. उघडझाप म्हणजे धोका, स्थिर म्हणजे निर्धास्त. सत्तावीस वर्षं हेच डोळ्यांत आहे. मी खडकावरचा दिवा उघडझाप करणारा केला, बंदराचा स्थिर ठेवला, हर्षलाला सांगितलं आणि पुढे गेलो. तात्यांना सांगायचं कुणाच्या मनातच आलं नाही. त्यांना गेम येतच होता.

बंदी लागली आणि आठवड्याने आम्ही यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चष्म्यापासून हातभर धरलं, होडी पाहिली, आणि म्हणाले, “ही तर आपली हाय.” हर्षला डोळे पुसायला आत गेली. मग तात्यांनी होडी सोडली. पहिला वळसा घेतला. आणि थेट खडकावर नेऊन फोडली.

पुन्हा सोडली, पुन्हा खडक. दहा वेळा, वीस वेळा. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्या माणसाने सतरा बंदरं घेतली होती, त्याला पहिलं बंदर दिसेना. आठवडाभराने त्यांनी यंत्र माझ्या हातात परत दिलं. “घेऊन जा जगताप. मला नाय दिसत. तुमी सगळे बोलता तेच खरं.”

तोवर त्यांनी ते मान्य केलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. डॉक्टरांच्या कागदाने जे झालं नव्हतं ते माझ्या खेळण्याने केलं होतं. हर्षला खांबाला टेकून उभी होती आणि तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी यंत्र खिशात घातलं आणि चहा न घेताच उठलो. मोटरसायकलपर्यंत गेलोसुद्धा.

तिथून परत आलो तो केवळ कामाच्या सवयीने. आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. आकडा चुकीचा आला की लगेच सेन्सर बदलायला धावू नकोस, आधी वायर तपास. मी तात्यांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, “तात्या, एकदाच. माझ्यासाठी. मी नुसता बघतो.”

त्यांनी नाखुशीने होडी सोडली. मी पडदा पाहिला नाही, त्यांची बोटं पाहिली, आणि मग पडदा. ज्याला दिसत नाही तो खडकाला कुठेही आदळेल, कडेला घासेल, शेवटच्या क्षणी दचकून वळवेल. तात्यांनी तसं काहीच केलं नाही. त्यांनी लांबूनच वेग कमी केला, होडी जराशी तिरकी घेतली आणि खडकाच्या बरोबर मध्यावर अलगद आणून लावली. फुटली ती नंतर. हा माणूस आदळत नव्हता. धक्क्याला लागत होता.

“तात्या, इथे का आणलीत?”

“म्हंजे? बंदर नाय हे?”

“हा खडक आहे.”

“खडक?” त्यांनी यंत्र आणखी जवळ घेतलं. “मग ह्याच्यावर दिवा कोणी लावला?”

“मी.”

“उघडझाप करणारा?”

“हो.”

दामूतात्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. “अरे बाबा, खाडीच्या तोंडाशी जो दिवा उघडझाप करतो तो आमाला घरी बोलावतो. स्थिर दिवा कुणाचाबी असतो. दुसरी बोट असेल, किनाऱ्यावरचं घर असेल. तू खडकावर बंदराचा दिवा लावलास, आन् वर बोलतोस तात्याला दिसत नाय!”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी तिथे बसून हसायला लागलो आणि मला हसू आवरेना. हर्षला धावत बाहेर आली. तिलाही हे कळलं नव्हतं, कारण बायका बोटीवर जात नाहीत. ती दिवे किनाऱ्यावरून बघत मोठी झालेली, आणि किनाऱ्यावरून सगळेच दिवे सारखे. पण लॅबमध्ये काम करणारी पोरगी ती, हसता हसता एकदम थांबली. “बाबा,” ती म्हणाली, “पालघरच्या मशीनमध्ये ठिपके चमकत होते ना? बटण कधी दाबलंत?”

ती तपासणी अशी असते. हनुवटी खाचेत टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठेही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं.

“दुसऱ्यांदा चमकला की,” तात्या म्हणाले.

“दुसऱ्यांदा?”

“मग? एकदा चमकलं तर तो दिवा नसतो. लाटेवरचं पाणी चमकतं, माशाची पाठ चमकते. दिवा असला तर पुन्हा चमकतो. दोनदा मोजल्याबिगर तांडेल बोलत नाय. बोललो आन् दिवा नसला, तर बोटीवरच्या पोरांचं काय?” जरा थांबून ते म्हणाले, “ते मशीनच खोटं होतं. एका जागी दोनदा काय चमकेना.”

 हर्षला त्यांच्या पायाशी बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

दुसरी तपासणी त्याच आठवड्यात झाली. मी रजा टाकून बरोबर गेलो. मशीनवरच्या मुलीला हर्षलाने सगळं सांगितलं होतं, आणि ती मुलगी दर दोन मिनिटांनी ओरडत होती, “आजोबा, एकदा चमकला तरी दाबा! खात्री करायची नाही!” तात्या बाहेर आले ते तणतणतच. “खातरी न करता बोलायला लावलं. बोटीवर असं केलं असतं तर पोरांनी मला किनाऱ्यावर उतरवला असता.” डॉक्टर मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. काचबिंदू खरा होता. उजव्या डोळ्याची वरची कड गेली होती, ती परत येणार नव्हती. पण डावा डोळा चांगला होता, आणि जे उरलं होतं ते नाण्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. थेंब रोज घालायचे, दर सहा महिन्यांनी तपासणी करायची, आणि नेहमीसारखं जगायचं.

म्हणजे गंमत बघा. मी ज्यासाठी तो चिमुकला पडदा शोधला, त्याची तात्यांना गरजच नव्हती. मोठ्या टीव्हीवरही त्यांना गेम दिसला असता. पण टीव्हीवर लाल-हिरवे दिवे वेगळे दिसले असते, होडी झोकात बंदरात गेली असती, आणि त्यांच्या नजरेवरचा तो खोटा कागद तसाच कपाटात राहिला असता. या छंदाचा उपयोग काय, असं आता कुणी विचारलं तर मी हे सांगत नाही. सांगितलं तर माणसं मला समाजसेवक समजतील. आणि मी तर चूक केली होती.

दिव्यांची अदलाबदल करायला मला पाव तास लागला. मग नारळी पुनवेच्या आधी तात्यांनी अठरावं बंदर घेतलं. तिथे काहीच नव्हतं. पडद्यावर एक ओळ आली आणि होडी पुन्हा पहिल्या बंदराबाहेर उभी. मला वाटलं आता हिरमुसतील. ते म्हणाले, “मग काय, नारळ वाहायचा आन् पुन्हा जायचं.” आणि खरंच, नारळ वाहिल्यावर ते बोटीवर गेले. सुकाणू पुतण्याकडेच राहिलं, ते त्यांनी मागितलंही नाही. शेजारी बसून ओरडायचा हक्क मात्र घेतला.

तो गेम मी आमच्या जगभरच्या खुळ्यांमध्ये वाटला. एकाने लगेच कळवलं की दिवे उलटे झालेत, धोक्याचा दिवा उघडझाप करायला हवा, दुरुस्त करा. मी उत्तर पाठवलं, मुरब्याला या, दाखवतो.

तर परवा. हर्षलाने चहा दिला, सुके बोंबील बांधून दिले, आणि सोमवारचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. सहा तपासण्या झाल्यात. प्रत्येक वेळी कागद हातात येईपर्यंत ती नखं कुरतडते आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. काचबिंदू कडेकडून येतो, न सांगता येतो. मधलं सगळं लख्ख असतं आणि कड कधी गेली ते माणसाला कळतही नाही. म्हणून हल्ली गेलो की मी तात्यांकडे बघत असतो. पायरीवर पाय कसा पडतो, बाजूने मांजर गेलं तर मान हलते का. ते त्यांना कळतच असणार.

निघालो. तात्या ओट्यावर मान खाली घालून चौदाव्या बंदराबाहेर खडक चुकवत होते. त्यांच्या डाव्या हाताला, अंगणाच्या पार टोकाला माझी मोटरसायकल उभी होती. मी बोंबलांची पिशवी हँडलला अडकवली आणि किल्ली फिरवली. येताना वळणावर लावलेला इंडिकेटर बंद करायचा राहिला होता, ते माझ्या ध्यानात नव्हतं.

“जगताप,” ओट्यावरून आवाज आला. “तुझी लाइट चालू राहिली.”

मी वळून पाहिलं. मान वर झालीच नव्हती. बोटं बटणांवर, ‘टिक टिक टुईं’ चालूच. दारात हर्षला हातातला रिकामा कप तसाच धरून उभी होती.

“तात्या,” मी विचारलं, “किती वेळा चमकली?”

“पयलीच,” ते म्हणाले. “आता दुसरीची वाट नाय बघत.”